आखाजीचे मांडे आणि न निवलेली राख

आखाजी जवळ आली की खान्देशातल्या सासुरवाशिणीचं चित्त सासरी ठरत नाही. वय कितीही होवो! माझ्या लग्नाला आता सव्वीस वर्षं झाली. बिऱ्हाड जळगावला, यजमानांची नोकरी, मुलं हाताशी आलेली. तरी चैत्र सरत आला की माहेरच्या झोक्याची करकर कानात ऐकू येऊ लागते. माझं माहेर भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, पितरांना आमरस-मांड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग निंबाच्या झाडाखाली सगळ्या माहेरवाशिणींनी जमायचं. वर्षाचा शीण त्या चार दिवसांत उतरतो.

पण तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला जे घडलं, ते मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. दर उन्हाळ्यात ‘कडब्याची गंजी खाक’, ‘गोठ्याला आग’ अशी आपल्या भागातली बातमी वाचली की मन खातं. शेवटी ठरवलं, एकदा लिहूनच काढावं. माझी चूक वाचून चार जणींनी माहेरी गेल्यावर राख कुठे टाकली जाते एवढं जरी बघितलं, तरी पुष्कळ झालं.

त्या दिवशी काय झालं?

खापरावरचे मांडे करणं म्हणजे खेळ नव्हे. मांडा हातावर झुलवत झुलवत मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. त्याला जाळही तसाच लागतो. घरात गॅस आहे, पण मांडे अंगणातल्या चुलीवरच! चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या आणि जाळ टिकावा म्हणून बाभळीची दोन जाड लाकडं.

दुपारी तीनच्या सुमारास सगळं उरकलं. वहिनी अगदी दमून गेली होती. मी म्हटलं, “तू पड जरा, मी आवरते.” चुलीतली राख घमेल्यात भरली. वरून पांढरीशुभ्र राख. जाळ नाही, धूर नाही. गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन ओतली आणि हात झटकले. उकिरड्यापासून वीसएक पावलांवर दादरच्या कडब्याची गंजी होती. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात, आणि तिचा कडबा म्हणजे ढोरांच्या पावसाळ्यापर्यंतच्या पोटाची सोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास वारा सुटला. आम्ही घरात पंख्याखाली गप्पा मारीत बसलो होतो. एवढ्यात भाची ओरडत आली, “आग लागनी! पया, पया!” बाहेर येऊन बघते तो गंजीचा एक कोपरा धडधडत होता. कडबा पेटतो तो पाहिला नसेल तर सांगूनही समजायचं नाही. बघता बघता आग गंजीच्या माथ्यावर गेली आणि तिथून गोठ्याच्या छपरावर.

“ढोरं सोडा, ढोरं!” माय ओरडत होती. नवा सालदार गोठ्यात शिरला आणि विळ्यानं दावी कापून त्यानं जनावरं बाहेर हाकलली. शेजारच्यांनी फवारणीचा ट्रॅक्टर आणला, त्या वेळी सुदैवानं वीज होती म्हणून विहिरीची मोटार चालू करता आली, गाव धावलं आणि घरं वाचली. पण गंजी गेली, गोठ्याचं छप्पर गेलं, कडेला रचलेली ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी वितळून काळा गोळा झाला. एका वासराची पाठ भाजली. वहिनीच्या नायलॉनच्या पातळाच्या पदरावर ठिणगी पडली. मायनं गोधडी टाकून ती विझवली म्हणून निभावलं. बंब आला तेव्हा विझवायला राख उरली होती. त्यांचा दोष नाही. अंतर आणि रस्ता दोन्ही आपल्याला ठाऊकच आहे.

आग विझल्यावर कारण शोधणं सुरू झालं. आपल्याकडे आखाजीपासून सालदाराचं नवं साल सुरू होतं. हा सालदार कालच कामावर लागलेला, आणि त्याला बिडीची सवय. दादा संतापून म्हणाला, “ह्याच्या बिडीनंच घात केला! उद्यापासून येऊ नको.” तो बिचारा एवढंच म्हणाला, “दादा, मी गोठ्याकडे बिडी पेटवत नाही.” ज्यानं जनावरं सोडवली, त्याच्याच माथी दोष बसला.

आणि मी? मी गप्प होते. आग उकिरड्याच्या बाजूनंच लागली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उकिरड्यावरचं सुकं गवत गंजीपर्यंत काळं पडलं होतं. तरी पाऊण तास माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. शेवटी दिवेलागणीला ओट्यावर दादाजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, राख तर रोज तिथंच टाकतात सगळ्या. काल तुझ्या हातून पडली, एवढंच.” आणि उठून सालदाराच्या घरी गेला.

दादाचं ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. खरंच होतं ते. चूक माझ्या एकटीची नव्हती. ती घरादाराच्या रोजच्या वहिवाटीत होती. आणि वहिवाट बदलणं हे तर आपल्या बायकांच्याच हातातलं काम!

राखेखालचा निखारा

मला सगळ्यांत लागलं ते हे, की मला हे माहीत होतं. माझी आजी रात्री चुलीत निखारे राखेखाली पुरून ठेवायची आणि सकाळी वरची राख बाजूला सारून त्याच विस्तवावर चूल पेटवायची. काडेपेटी वाचवायची ती रीतच होती. राख ही निखाऱ्याची गोधडी आहे. ती हवा आत जाऊ देत नाही, म्हणून निखारा भरभर जळून संपत नाही. आणि ऊब बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तो निवतही नाही. बाभळीसारख्या जड लाकडाचा निखारा असा दिवसभर, कधी त्याहूनही अधिक, जिवंत राहतो. वारा आला, वरची राख उडाली, की तो पुन्हा फुलतो.

तेव्हा नियम सोपा ठेवा. राख थेट उकिरड्यावर जाणार नाही. ती आधी लोखंडी घमेल्यात किंवा डब्यात काढायची, प्लॅस्टिकच्या टोपलीत कधीही नाही. तिच्यावर पाणी ओतायचं, काठीनं ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचं. वाफ यायची पूर्ण थांबली म्हणजे मगच टाकायची. भांडी घासायला कोरडी राख हवी असेल, तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन-तीन दिवस उघड्या फरशीवर ठेवावी. ओट्याखाली, लाकडाच्या ढिगाजवळ नको. पाणी तापवायचा बंब, हुरड्याची आगटी, लग्नकार्यातली भट्टी, होळीची राख, सगळ्यांना हाच नियम.

आपल्याकडे उन्हाळा एवढा घातकी का?

खान्देशचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार! एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४५ अंशांना जातो, हवेतला ओलावा नाहीसा होतो. रब्बी निघालेली, शेतात गव्हाची आणि दादरची धसकटं, बांधावर सुकं गवत, खळ्यात कडबा आणि भुसा, घराशेजारी पऱ्हाट्यांचे ढीग. म्हणजे सगळा शिवारच जळणाची वखार झालेला असतो. त्यात सकाळी हवा शांत असते आणि ऊन चढलं की वारा वाढतो. म्हणूनच सकाळी पेटवलेली ‘जरा आटोक्यातली’ आग दुपारी आटोक्याबाहेर जाते.

आणि जळतं ते काय? कडबा शेकड्यानं विकत घ्यायची वेळ आली म्हणजे कळतं! चारा गेला की दुभतं जनावर बाजार दाखवतं. गाय-म्हैस गेली की घरातला बाईच्या हातचा दुधाचा पैसा जातो. शेतातल्या आगीचा हिशेब शेवटी असा चुलीपाशीच येऊन थांबतो.

बांध जाळायची सवय

राखेनंतर दुसरी मोठी वहिवाट म्हणजे बांध पेटवणं. ‘बापजाद्यांपासून करतो आहोत, कचरा जातो, कीड मरते’ असं घरोघर ऐकायला मिळतं. पण बांध आपला, वारा आपला नाही. शेजाऱ्याचा गहू, ठिबकच्या नळ्या, केळीच्या खोडांना लोंबणारी सुकी पानं, आंब्याचं झाड, काय पेटेल सांगता येत नाही.

शिवाय जाळण्यात आपलंही नुकसानच. भाताच्या पेंढ्याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. एक टन पेंढा जाळला की त्यातलं सुमारे ५.५ किलो नत्र, २.३ किलो स्फुरद, २५ किलो पालाश आणि १.२ किलो गंधक हातचं जातं. ज्वारी, गहू, कपाशी यांचे आकडे वेगळे असतील, पण गोष्ट तीच. जे खत आपण पोत्यानं विकत आणतो, तेच आपण काडी लावून उडवतो. उत्तरेतल्या पंजाब, हरियाणाच्या धुराविषयी आपण वाचतो. तिकडे पिकांचं अवशेष जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली मनाई केली. आपल्याकडचा धूर दिल्लीला जात नसेल, पण शेजारच्या वस्तीतल्या दमेकरी म्हाताऱ्याच्या छातीत जातोच.

कपाशीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०१७ साली शेंदरी बोंडअळीनं कपाशीचं फार नुकसान केलं, तेव्हापासून ‘फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या वेळेवर काढा’ असं कृषी खातं सांगत आलं आहे. ते योग्यच आहे. पण काढा म्हणजे जाळा नव्हे. पऱ्हाट्यांचा भुगा करणारं यंत्र ट्रॅक्टरला जोडून मिळतं. चार शेतकऱ्यांनी मिळून भाड्यानं आणलं तर परवडतं. तो भुगा कंपोस्टमध्ये जातो. ज्यांना सरपणाला हव्यात, त्यांनी त्या घराच्या भिंतीला आणि गोठ्याला लागून रचू नयेत.

आणि कायद्याचं म्हणाल तर निष्काळजीपणानं आग हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका करणं हा गुन्हाच आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या २८५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २८७ व्या कलमात आहे. भाऊबंदकीत बांधावरून आधीच कमी भांडणं असतात का, की त्यात ही भर घालावी?

तारा, डीपी आणि कडब्याची गाडी

शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारा उन्हात सैल पडतात. वाऱ्यात एकमेकींवर घासल्या की ठिणग्या पडतात, आणि खाली उभा गहू किंवा ऊस असला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. शेतातून जाणारी ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून निदान ४.६ मीटर, म्हणजे साधारण १५ फूट उंच असली पाहिजे, असा नियम आहे. मोजायला तारेजवळ काठी किंवा शिडी मुळीच नेऊ नका! नुसत्या नजरेनं अंदाज येतो. तार खाली आलेली दिसली तर वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. १९१२ या क्रमांकावर फोनवरूनही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, कागद राहतो.

डीपीखालचं आणि मोटारीच्या पेटीभोवतालचं गवत पुरुषमंडळींना सांगून कापून घ्या, म्हणजे ठिणगी पडली तरी मातीवर पडेल. फ्यूज गेला की जाड तार गुंडाळून काम भागवायची खोड फार वाईट. फ्यूज जळतो तो आपलं रक्षण करण्यासाठी. त्याच्या जागी जाड तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. रात्रपाळीच्या विजेवर मोटार आपोआप चालू होते, त्या पेटीत कडब्याच्या काड्या, पोती, तेलाचा डबा असं काही ठेवू नये.

आणखी एक. कडब्यानं उंच भरलेली ट्रॉली तारेखालून नेताना वरचा थर तारेला लागतो आणि चालती गाडी पेटते. असे अपघात दर उन्हाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे होतात. भार कमी करा, दोन खेपा करा. खेपेचे पैसे वाचवायला जाऊन गाडी, कडबा आणि हाकणारा, तिन्ही पणाला लावू नयेत.

गंजी कशी रचावी?

जळाल्यानंतर आमच्या घरी जे बदललं, तेच सांगते.

एकच मोठी गंजी रचत नाही. दोन-तीन लहान गंज्या करून मध्ये निदान ५० फुटांचं अंतर सोडतो. एक गेली तरी दुसरी राहते.

गंजी घरापासून, गोठ्यापासून, चुलीपासून आणि विजेच्या तारेपासून दूर. आमच्याकडे वारा उन्हाळ्यात बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून गंजी घराच्या पूर्वेला. तुमच्या गावी वारा कुठून येतो ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारा.

गंजीभोवती दहा-पंधरा फुटांचा पट्टा नांगरून, वखरून अगदी काळाभोर ठेवायचा. वनखातं जंगलात जाळरेषा काढतं, त्यातलाच हा प्रकार. जिथे जळायला काही नाही, तिथे आग थांबते. उभ्या गव्हाच्या कडेनंही असा पट्टा काढता येतो.

ओला चारा कधी रचू नये. अवकाळी पावसात भिजलेला चारा किंवा ओलसर भुसा रचला की तो आतल्या आत तापतो. आंबटसर, करपट वास येतो, वाफ दिसते. संशय आला तर लांब लोखंडी सळई आत खुपसून पंधरा मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल इतकी तापली, तर धोका आहे. अशा वेळी एकट्यानं ढीग उकरू नये, कारण हवा लागताच भडका होतो. पाणी आणि माणसं हाताशी घेऊनच ते काम करावं.

दिवाळीत बाण-रॉकेट गंजीच्या बाजूला उडवू द्यायचे नाहीत. मुलं रुसतील, रुसू द्या!

घरातला कापूस

२०२१-२२ च्या हंगामात कापसानं दहा हजारांच्या वरचा भाव दाखवला आणि पुढच्या वर्षी भाव उतरला. तेव्हा भाव पुन्हा चढेल या आशेनं आपल्याकडे कितीतरी घरांत महिनोन्महिने कापूस भरून ठेवला होता. ओसरीत कापूस, माडीवर कापूस, झोपायच्या खोलीत कापूस! अंगाला खाज सुटते ती वेगळीच, पण आगीचा विचार कुणी करत नाही.

कापूस ठेवायचाच असेल तर स्वयंपाकघराला लागून असलेली खोली नको. त्या खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, डासांची कॉइल, मोबाइलचं चार्जर काही नको. दिव्याचं बटण आणि वायर कापसाला टेकू देऊ नका. दारापर्यंत भरू नका, बाहेर पडायला वाट ठेवा. आणि कापसाला आग लागून विझली तरी निश्चिंत होऊ नका. कापूस वरून काळा पडतो आणि आत धुमसत राहतो. दोन-दोन दिवसांनी पुन्हा पेटतो. ढीग अंगणात काढून, पसरून, पाणी मारून रात्रभर राखण करावी लागते.

आग लागलीच तर

आधी माणसं, मग जनावरं, मग वस्तू. हा क्रम घरात लहानथोरांना पाठ हवा. १०१ किंवा ११२ वर फोन करायचा आणि गावाचं नाव, शिवार, जवळची ठळक खूण सांगायची. एका माणसानं फाट्यावर जाऊन उभं राहायचं, म्हणजे बंब चुकत नाही. गोठ्यातली दावी अशा गाठीनं बांधा, की एका झटक्यात सुटतील, आणि दाराशी एक विळा कायम अडकवून ठेवा.

आग वाऱ्याच्या दिशेनं धावते, माणसापेक्षाही वेगानं. तिच्यापुढे पळू नये. बाजूला सरावं, किंवा जळून काळी झालेली जागा असेल तिकडे जावं. लहान आग असेल तर कडुनिंबाच्या हिरव्या फांद्या आणि ओली गोणपाटं यांनी कडेकडेनं झोडपून विझवावी. तार तुटून पडली असेल किंवा मोटारीच्या पेटीला आग असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नये आणि निदान ३० फूट लांब राहावं.

ऑस्ट्रेलियात गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शेतकरी पाण्याची टाकी आणि पंप बसवलेली गाडी शेताच्या कडेला उभी ठेवतात, आणि ऊन-वारा फार असला तर कापणी यंत्र बंद ठेवतात. आपल्याकडे गाडी कुठून आणायची? पण पाठीवरचा फवारणीचा पंप तर घरोघर आहे. तो स्वच्छ धुऊन, १५-१६ लिटर पाणी भरून खळ्यात ठेवला, तर पहिल्या पाच मिनिटांत तोच बंबाचं काम करतो. ट्रॅक्टरचा फवारा असेल तर उन्हाळाभर त्याची टाकी भरलेली ठेवावी.

भाजलं तर

आगीशी काम करताना नायलॉन, टेरिकॉट, सिंथेटिक पातळ नको. ते वितळून अंगाला चिकटतं. सुती पातळ, पदर खोचलेला. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळावं, किंवा गोधडी, घोंगडी, चादर घट्ट लपेटावी.

भाजलेल्या जागेवर साधं थंड पाणी वीस मिनिटं सतत सोडावं. बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नये. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज यायच्या आत काढाव्यात. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापडानं सैलसर झाकून दवाखान्यात न्यावं. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

नंतरचे कागद

जळीत आवरायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत. तलाठ्याला त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्यावा, पोलिसांत नोंद करावी, आणि तारेमुळे आग लागली असेल तर वीज कंपनीला लेखी द्यावं. माणूस किंवा जनावर दगावलं असेल तर विद्युत कायदा २००३ प्रमाणे अपघाताची खबर द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षकांकडून चौकशी होऊ शकते. पीकविम्याच्या अटी हंगामागणिक बदलतात. आगीचं नुकसान त्यात बसतं का, हे हप्ता भरतानाच विचारून घ्यावं. सातबारा, विम्याची पावती, तक्रारीची पोच या सगळ्यांच्या प्रती एका पिशवीत, आणि ती पिशवी बाईच्या ताब्यात! पुरुषांना ऐन वेळी कागद सापडत नाहीत, हा अनुभव तुम्हालाही असेलच.

माहेरी सांगायचं कसं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं. पण शहरात राहणाऱ्या लेकीनं माहेरच्या शेतीविषयी बोलायचं कसं? मलाही तो संकोच होता. बहिणीनं हक्कसोड करून दिली की शेताविषयी तोंड उघडायचं नाही, असं आपणच मनाशी ठरवून टाकतो. दादाही आधी हसूनच म्हणायचा, “ताई, तुले काय माहीत शेतीतलं?” पण मी शेतीतलं सांगत नव्हते. चुलीतलं सांगत होते, आणि चूल मला दादापेक्षा नक्कीच जास्त कळते.

सुरुवात वहिनीपासून करा. राख कुठे जाते, गंजी कुठे आहे, दावी कशी बांधली आहेत, एवढं दोघींनी मिळून एक चक्कर मारून बघा. आखाजीला नवा सालदार लागतो, त्याच दिवशी त्याला बिडीची एक ठरलेली जागा आणि विझवायला वाळूचं डबडं दाखवून द्या. दोष देण्यापेक्षा जागा नेमून देणं कधीही बरं.

गेल्या आखाजीला मी माहेरी होते. अंगणात पुन्हा मांडे झाले, चुलीत पुन्हा बाभळीचीच लाकडं होती. विहिरीच्या पाटाजवळ दादानं आता राखेसाठी एक खड्डा करून घेतला आहे. मी घमेलं उचललं तेव्हा सालदार बादली घेऊन मागोमाग आला. हो, तोच सालदार. दर आखाजीला तो नव्यानं ठरतो आणि आमच्याकडेच राहतो. मी राख ओतली, त्यानं पाणी ओतलं. चर्रर्र असा आवाज झाला आणि वाफ वर आली. वरून पांढरीशुभ्र दिसणाऱ्या राखेत एवढा विस्तव होता!

तो काठीनं ढवळत म्हणाला, “ताई, अजून एक बादली आणू का?”

मी म्हटलं, “आण रे बाबा, दोन आण.”